बोटं पायाला टेकली नाहीत तरी चालेल

प्रश्न : माझं वय ५२. कराडला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. दिवसभर खुर्ची, पुढे वाकून नोटा मोजणं आणि खिडकीतल्या माणसाकडे मान. पाठ इतकी आखडलीय की खाली पडलेला पेन उचलायचा तर आधी टेबलाचा आधार घ्यावा लागतो. मोबाइलवर ‘३० दिवसांत पाठ लवचिक’ असा व्हिडिओ बघून सुरुवात केली. पहाटे साडेपाचला उठल्या उठल्या पाय सरळ ठेवून अंगठे धरायचा प्रयत्न करायचा. भाची सोबत करते. तिची बोटं पहिल्याच दिवशी टेकली, हलासनही सहज जमतं. माझी बोटं नडगीच्या मध्यावर अडकतात. म्हणून झोके देऊन देऊन खाली जात होते, तर एके दिवशी कंबरेत अशी उसण भरली की मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागलं. आठवडाभर गोळ्या आणि शेक. आता महिना झाला, दुखत नाही, पायात मुंग्या वगैरेही नाहीत. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, ‘चौथ्या-पाचव्या मणक्यातली गॅप कमी झालीय.’ शेजारच्या काकू म्हणतात, पायाळू माणसाची लाथ मारून घे. यजमान म्हणतात, पाच वर्षांच्या नातवाला पाठीवर चालायला लावू, कडकड वाजली की मोकळी होईल. मला पुन्हा सुरू करायचंय पण भीती वाटते. आणि ७६ वर्षांच्या सासूबाई मागे लागल्यात, मलाही शिकव म्हणून. त्यांनी केलं तर चालेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर :

ताई, पुन्हा सुरू करा. पण जे करत होतात ते नको, आणि ज्या वेळी करत होतात त्या वेळी तर मुळीच नको.

वेळेचंच आधी सांगते. रात्री आपण आडवे झालो की मणक्यांमधल्या गाद्यांवरचा भार उतरतो आणि त्या पाणी शोषून घेतात. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या सकाळी टम्म झालेल्या असतात. माणूस सकाळी रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच भरतो तो यामुळेच. अशी फुगलेली गादी पुढे वाकवली की तिच्यावर आणि मागच्या स्नायुबंधांवर दुपारच्या मानाने कितीतरी जास्त ताण येतो. चालायला-फिरायला लागलं की पाणी हळूहळू बाहेर पडतं, आणि दिवसभरात जेवढी उंची कमी व्हायची त्यातली निम्मी पहिल्या तासाभरातच होते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना एवढंच सांगितलं होतं की, सकाळी उठल्यावर पहिले एक-दोन तास कंबरेतून पुढे वाकू नका. तेवढ्या पथ्यानेही दुखणं कमी झालं.

तेव्हा साडेपाचचा मुहूर्त सोडा. मला ठाऊक आहे, आपल्याकडे व्यायाम म्हटला की पहाट. त्यात तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, त्या मुलखात सकाळी उठून वाकणं हा संस्कारच आहे. लहानपणापासून ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांनी खुशाल घालावेत नमस्कार. तुमचं शरीर मात्र वीस-पंचवीस वर्षं खुर्चीत बसलंय. त्याला पहाटे फक्त चालू द्या. ताणण्याचा व्यायाम संध्याकाळी घरी आल्यावर, चहा झाल्यावर, दहा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर फेऱ्या मारून मग करा. अंग गरम असलं की स्नायू ऐकतात.

आता झोक्यांबद्दल. स्नायूच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म तंतू असतात. स्नायू एकदम ओढला गेला की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि स्नायू उलट आवळला जातो. आपण झटका देऊन खाली जातो आणि शरीर त्याच क्षणी आपल्याला वर खेचत असतं. या रस्सीखेचीत तुमच्या कंबरेचा स्नायू धरला गेला, असा माझा अंदाज आहे. अशी उसण बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप सुटते, तशी तुमचीही सुटली.

आणि आता अंगठे धरण्याविषयी. या एका गोष्टीने जितक्या कंबरा बिघडवल्यात तितक्या पोत्यांनी बिघडवल्या नसतील, असं मला कधीकधी वाटतं. पाय सरळ ठेवून पुढे वाकताना वाक दोन ठिकाणांहून येतो, खुब्याच्या सांध्यातून आणि कंबरेच्या मणक्यांतून. मांडीच्या मागचे स्नायू आखूड असले की ते ओटीपोटाच्या हाडाला, म्हणजे कटिभागाला, मागे धरून ठेवतात. तो पुढे कलंडतच नाही. मग हट्टाने खाली जायचं तर सगळा वाक कंबरेच्या पाच मणक्यांनी सोसायचा. ते बिचारे आधीच नोटा मोजताना दिवसभर वाकलेले. म्हणजे जो भाग आधीच जास्त वाकतोय त्यालाच तुम्ही आणखी वाकवत होतात, आणि जो खरोखर आखडलाय तो होता तिथेच राहिला.

हे स्वतः तपासून बघा. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसा आणि पाय समोर सरळ पसरा. गुडघे सरळ ठेवल्यावर माकडहाडाच्या वरचा भाग भिंतीला टेकलेला राहतो का? की बसायची जागा पुढे घसरते, पोक निघतं आणि हात मागे टेकावेसे वाटतात? तसं होत असेल तर नुसतं सरळ बसतानाच तुमची कंबर वाकलेली आहे. वाकायला अजून सुरुवातही व्हायची आहे! अशा माणसाने पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणं, करू नये, निदान सध्या तरी. भाचीचं सोडा. तिचे स्नायू वेगळे, वय वेगळं. शिवाय ज्याचे हात लांब आणि पाय आखूड त्याची बोटं तशीही लवकर टेकतात, त्यात पाठीचं कर्तृत्व काही नसतं.

‘गॅप’चंही सांगून टाकते, कारण हा शब्द ऐकून लोक वर्षानुवर्षं घाबरून बसतात. एक्स-रेत गादी दिसत नाही, दोन मणक्यांमधली जागा दिसते. ती कमी म्हणजे गादी थोडी झिजून बसलीय. पन्नाशीत हे पिकलेल्या केसांइतकंच सर्रास आढळतं. ज्यांची पाठ दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीतल्या निरोगी लोकांपैकी ८० टक्के जणांच्या गाद्यांची झीज झालेली होती, आणि विशीतल्याही ३७ टक्के जणांची. तेव्हा तो एक्स-रे कपाटात ठेवा. गॅप ‘भरून काढतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. झिजलेल्या गादीची पाठसुद्धा छान मोकळी आणि बिनदुखीची राहू शकते.

मग करायचं काय? जमिनीवर सतरंजी किंवा योगाची चटई घाला. पलंगावर नको, मऊ गादीत शरीर रुततं आणि आपण कुठून हलतोय ते कळत नाही.

सुरुवात मार्जारासनाने. हात आणि गुडघ्यांवर या, तळवे खांद्यांच्या खाली, गुडघे खुब्यांच्या खाली. गुडघ्यांखाली चादरीची घडी ठेवा, पन्नाशीत गुडघ्यांचा मान राखलेला बरा. श्वास सोडत पाठ हळू वर गोल करा, मान सैल सोडा. श्वास घेत पाठ हळू खाली येऊ द्या. इथे ताणायचं काहीच नाही, हे लक्षात ठेवा. व्हिडिओतली मुलगी दोन्ही टोकांना जोर देऊन थांबते. तुम्ही जिथवर सहज जातं तिथवरच जा आणि परत या. सहा-सात वेळा पुरे. सांध्यांमध्ये वंगण फिरवणं, एवढंच याचं काम.

त्यानंतर ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे तो भाग : छातीच्या मागची पाठ. तिथे बारा मणके आहेत, प्रत्येकाला बरगड्या जोडलेल्या. खुर्चीत पोक काढून बसणाऱ्या माणसाचा हा भाग अगदी थिजून जातो, आणि मग मागे वळून बघायचं काय किंवा माळ्यावरचा डबा काढायचा काय, सगळं कंबरेच्या नाहीतर मानेच्या गळ्यात पडतं. कंबरेचे पाच मणके पिळण्यासाठी घडलेलेच नाहीत. त्यांचे सांधे असे उभे आहेत की पाचही मिळून एका बाजूला जेमतेम १० अंशांच्या आसपास वळतात. छातीमागचे मणके मात्र तीसेक अंश वळू शकतात. पाठ पिळायची ती तिथून.

म्हणून कुशीवर झोपा. दोन्ही गुडघे पोटाकडे दुमडलेले, मध्ये उशी. दोन्ही हात छातीसमोर सरळ, तळव्यावर तळवा. आता वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा छताकडे आणि मग पाठीमागे न्या, नजर त्या हाताबरोबर जाऊ द्या. गुडघे उशीवरून हलता कामा नयेत. ते हलले की समजा, पीळ कंबरेत उतरला. हात मागे जमिनीला टेकणार नाही, काही बिघडत नाही. जिथे अडेल तिथे दोन-तीन सावकाश श्वास घ्या, हात आपोआप इंचभर खाली जाईल. मग परत. दोन्ही कुशींवर पाच-पाच वेळा. अर्धमत्स्येंद्रासनात बसून हाताच्या जोरावर स्वतःला पिळण्यापेक्षा हे कितीतरी निर्धोक आहे.

याच भागासाठी आणखी एक : आंघोळीचा जाड टॉवेल घट्ट गुंडाळून त्याचा लोड करा आणि तो खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकांशी आडवा येईल असा ठेवून त्यावर उताणं पडा. गुडघे दुमडलेले, डोक्याखाली पातळ उशी. हात डोक्याच्या बाजूला सैल. पाच-सहा श्वास पडून राहायचं. लोड कंबरेखाली सरकू देऊ नका, तिथे त्याचं काही काम नाही. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी लोड, पट्टे, विटा, खुर्च्या घेऊन आसनं शिकवली, त्यामागचा विचार हाच होता : शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर मध्ये आधार द्या, शरीर ओरबाडू नका.

आता मांडीच्या मागचे स्नायू. हेही उताणंच झोपून. एक गुडघा दुमडून पाऊल जमिनीवर ठेवा. दुसऱ्या पायाच्या तळव्याला ओढणी अडकवा, दोन्ही टोकं हातात धरा आणि पाय छताकडे उचला. गुडघा किंचित वाकलेला असला तरी हरकत नाही. ओढणी हळू आपल्याकडे घ्या, मांडीच्या मागे मधोमध ओढ जाणवली की तिथेच थांबा. पाठ जमिनीवर आहे, तिला वाकायला वावच नाही. जे काही ताणलं जाईल ते मांडीतूनच. उभ्याने वाकण्यापेक्षा हे मला शंभर पटीने पसंत.

किती वेळ धरायचं? ३० सेकंद. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांच्या याच स्नायूवर प्रयोग केला होता. १५ सेकंद ताणणाऱ्यांपेक्षा ३० सेकंदवाल्यांची लवचिकता जास्त वाढली, पण ६० सेकंद ताणून ३० पेक्षा जास्त काही पदरात पडलं नाही. प्रत्येक पायाचं दोनदा करा. आणि ते ३० आकडे मोठ्याने मोजा. तुम्ही रोखपाल, मोजण्यात तुमचा हातखंडा. मोजता मोजता आवाज दाबला गेला किंवा श्वास अडकला तर ताण जास्त झाला, ओढणी थोडी सैल सोडा.

चौथी जागा लोकांच्या लक्षातच येत नाही : खुब्याच्या पुढचा स्नायू. तो कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो, आणि दिवसाचे आठ तास बसणाऱ्याचा तो आखूड होतो. उभं राहिल्यावर हाच कंबर पुढे खेचतो. एक गुडघा घडी केलेल्या चादरीवर टेका, दुसरं पाऊल पुढे. शेजारी खुर्ची असू द्या, तोल जातो. ज्या बाजूचा गुडघा टेकलाय त्या बाजूचा नितंब घट्ट आवळा आणि अख्खं शरीर दोन बोटं पुढे सरकवा. एवढ्यानेच जांघेच्या पुढे ओढ येईल. कंबर मागे कमानीसारखी वाकवली तर ओढ नाहीशी होते आणि कंबर दुखते, तेव्हा ते नको. इथेही ३० सेकंद, दोनदा.

शेवटी पालथं पडा आणि कोपरांवर या, अर्ध्या भुजंगासनासारखं. कोपर खांद्याखाली, पोट आणि ओटीपोट जमिनीवर सैल. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला हे उलट दिशेचं विश्रांतीचं आसन आहे. यावरून आमच्या व्यवसायातला एक किस्सा आठवला. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पायात कळा येणारा एक रुग्ण आला. आत जाऊन टेबलावर पालथं पडा, असं त्याला सांगितलं. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी उचलून ठेवलेली राहिली होती. हा गृहस्थ तसाच पडून राहिला, कंबर चांगली मागे वाकलेली. त्या काळी असं वाकणं घातकच समजत. मॅकेन्झी आत येऊन बघतात तो रुग्ण म्हणतो, पायाची कळ गेली! पुढे त्यांनी यावर पद्धतशीर काम केलं आणि त्यातून एक खूण हाती लागली, जी तुम्ही कायम लक्षात ठेवा. कोणत्याही हालचालीने पायातलं दुखणं वर सरकत कंबरेकडे येत असेल तर ती हालचाल मानवतेय, भले कंबरेत थोडं जास्त जाणवो. उलट दुखणं नितंबातून मांडीत, मांडीतून पोटरीत उतरत असेल तर तिथेच थांबायचं. तुमच्या पायात आज काही नाही. पुढे कधी झालं तर हा निकष उपयोगी पडेल.

ओढ आणि कळ यांतला फरकही ओळखायला शिका. ओढ स्नायूच्या मधोमध, पसरट असते आणि सोडलं की लगेच जाते. कळ एका बिंदूत, सुरीसारखी किंवा विजेसारखी. मुंग्या, बधिरपणा, चटका ही नसेची भाषा आहे. ओढणीने पाय उचलताना पोटरीत किंवा तळव्यात झिणझिण्या आल्या तर स्नायूऐवजी नस ताणली जातेय, पाय खाली घ्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा पाठ जास्त आखडलेली वाटली तर आदल्या दिवशी जास्त झालं, तेवढा साधा हिशेब.

आठवड्यातून पाच दिवस, पंधरा मिनिटं. सहा ते आठ आठवडे फरकाची वाट बघा. ‘३० दिवस’ हा आकडा व्हिडिओवाल्यांच्या सोयीचा आहे. हेही सांगून ठेवते की सुरुवातीला जी लवचिकता वाढते ती स्नायू लांब झाल्यामुळे नसते. मज्जासंस्थेला ती ओढ ओळखीची होते आणि ती जरा आणखी पुढे जाऊ देते. म्हणूनच चार दिवस जोर लावून मग पंधरा दिवस सुट्टी, असं केलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि नुसतं ताणून भागणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून सेतुबंधासन जोडा : उताणं झोपून, गुडघे दुमडून, नितंबाच्या ताकदीने कंबर उचलायची, पाच मोजून खाली, आठ-दहा वेळा. ज्या पाठीला ताकद नाही तिला शरीर मोकळं सोडत नाही.

हलासन मात्र विसरा. त्यात शरीराचा बराचसा भार मानेच्या आणि वरच्या पाठीच्या मणक्यांवर येतो, तेही पूर्ण वाकलेल्या. तुमच्या वयात नव्याने, तेही मोबाइल बघून शिकण्यासारखं त्यात काही नाही.

पतसंस्थेत काय करायचं तेही सांगते, कारण पंधरा मिनिटांचा व्यायाम आठ तासांच्या पोकाला पुरा पडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उठा. नोटांची गड्डी हातात घेऊन उभ्याने मोजली तरी चालतं की. उठल्यावर दोन्ही तळवे कंबरेवर ठेवून तीन-चार वेळा हलकेच मागे वाका. आणि पेन पडला तर दोन्ही पाय जोडून, गुडघे ताठ ठेवून वाकायचं नाही. टेबलाला एक हात, एक पाय मागे हवेत उचला आणि खुब्यातून पुढे झुका, पाठ सरळ राहील. नाहीतर सरळ एक गुडघा टेकवून खाली बसा. टेबलाचा आधार लागतो यात कमीपणा काही नाही, त्याने कंबर वाचते.

आता लाथेचं आणि नातवाचं. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, हे मीही लहानपणापासून ऐकत आलेय. उसण आपल्या गतीने जायचीच असते. चौथ्या दिवशी लाथ मारून घेतली आणि पाचव्या दिवशी बरं वाटलं की श्रेय लाथेला. हलका पाय लावून कुणाचं समाधान होत असेल तर माझी हरकत नाही. जोरात मारली तर मात्र बरगडी जायची. नातवाबद्दल यजमानांना सांगा की तो कडकड आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो त्याचा तो आवाज. त्यानंतर थोडा वेळ हलकं वाटतं हे खरं, पण ते पाठ दाबली-चोळली तरी वाटतं. पाच वर्षांच्या पोराचं वजन १६-१८ किलो. त्याचा तोल गेला आणि टाच कंबरेच्या एका बाजूला किंवा बरगडीवर रुतली तर? यजमानांना एवढी हौस असेल तर कोमट तेल घेऊन स्वतःच्या हातांनी कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू चोळून द्यायला सांगा. कण्यावर दाब नको.

काही गोष्टी अशा आहेत की त्या दिसल्या तर ताणणं-बिणणं बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बसण्याच्या जागेभोवती बधिर वाटणं, चालताना पाऊल उचललं न जाऊन चप्पल पायातून निसटणं : यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. संध्याकाळी कणकण, वजन उतरणं, रात्री आडवं पडूनही न थांबणारं दुखणं असेल तर चार-आठ दिवसांत तपासून घ्या. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो आणि सुरुवातीला तो साधी पाठदुखी म्हणूनच अंगावर काढला जातो. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाने नवी पाठदुखी घरगुती उपायांवर सोडू नये.

राहिल्या सासूबाई. त्यांची हौस मोडू नका, पण तुमचे व्यायाम त्यांना जसेच्या तसे देऊ नका. ७६ वर्षांच्या बाईची हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता मोठी असते आणि ते बाहेरून दिसत नाही. मणक्याचा पुढचा भाग ठिसूळ झाला की पुढे वाकण्याच्या दाबाने तो चेपला जाऊ शकतो. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या आणि हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांचा. ज्या पुढे वाकण्याचे व्यायाम करत होत्या त्यांच्यापैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवे फ्रॅक्चर किंवा चेप आढळले, आणि पाठ मागे नेण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये १६ टक्के. अभ्यास लहान होता, ५९ जणींचाच, पण फरक केवढा ते बघा. त्यानंतर कुणी शहाणा माणूस ठिसूळ हाडांच्या रुग्णाला अंगठे धरायला सांगत नाही.

त्यांना आधी दोन प्रश्न विचारा. तरुणपणापेक्षा उंची तीन-चार सेंटिमीटरने कमी झालीय का? पूर्वीच्या साड्या आता पायात येतात का, पोलक्याची पाठ वर चढते का, असं विचारलंत तर त्या लगेच सांगतील. आणि कधी शिंकताना किंवा बादली उचलताना पाठीत एकदम कळ येऊन काही आठवडे दुखलंय का? एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर डॉक्टरांकडून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लिहून घ्या. या वयात खरं तर ‘नाही’ आलं तरी एकदा करून घ्यावी.

तोवर त्यांनी पुढे वाकायचं नाही, पिळायचं नाही, पाय डोक्यावरून न्यायचे नाहीत. मार्जारासनही नको. भिंतीला टाचा, नितंब आणि पाठ टेकवून उभं राहायचं, हनुवटी किंचित आत, डोकं भिंतीकडे न्यायचं. टेकत नसेल तर मागे दुमडलेला टॉवेल ठेवा, जबरदस्ती नको. तिथेच खांद्याची पाती एकमेकांकडे ओढून पाच मोजायचं आणि सोडायचं, आठ-दहा वेळा. खुर्चीत बसूनही हे जमतं. पलंगावर उताणं, गुडघे दुमडून दहा मिनिटं पडून राहिलं तरी त्यांच्या बाकलेल्या पाठीला तो पुरेसा व्यायाम आहे. केर काढताना लांब दांड्याचा झाडू त्यांच्या हाती द्या, आणि भरलेली बादली त्यांच्यापासून लांब ठेवा. डेक्साचा रिपोर्ट आला की तो घेऊन दोघी मिळून एकदा कराडातल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे जा. त्यांच्या व्यायामात काय वाढवायचं ते त्यावरून ठरेल, आणि तुमचा कुशीवरचा व्यायाम बरोबर होतोय का हेही त्यांच्याकडून समोरासमोर तपासून घ्या.